कोसंबींचे गणित

बुद्धिदात्या गणरायाच्या उत्सवात यंदा आम्ही दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण करीत आहोत. बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबींचे हे चिरंजीव ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मले. १९२९ मध्ये हार्वर्डमधून बी.ए. झाले, पीएच.डी. केलीच नाही. इतिहासकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना, १९४३ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अनियमित लहरीचे एकमेकांशी संबंध नसलेले घटक कसे पाडावेत, हे त्यात होते. वजनदार घटक ठेवायचे, किरकोळ सोडायचे. मग आवाज किंवा चित्र थोड्या आकड्यांत मावते. पुढे कारहुनेन आणि लोएव स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले आणि ती रीत त्यांच्याच नावाने रूढ झाली. लामत्याहून आपण बाप्पाचा फोटो मोबाइलवरून नातलगांना पाठवतो, तो लहान करणारे गणित याच कुळातले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबी १९६२ पर्यंत होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आता काही अभ्यासक त्या रीतीला कोसंबींचेही नाव जोडतात. आमच्या मुलांनी ते नाव पूर्ण घ्यावे, एवढेच बाप्पाचरणी मागणे.