परळच्या प्रयोगशाळेचे प्रणेते : वाल्डेमार हाफकिन

मुंबईला परळ येथे हाफकिन संस्था आहे, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सर्पदंशावरील प्रतिविष आणि पोलिओचे थेंब यांच्याशी तिचे नाव जोडले गेले आहे. परंतु ज्यांचे नाव या संस्थेला दिले गेले ते हाफकिन कोण, कोठले आणि त्यांचे पुढे काय झाले, असे विचारल्यास सुशिक्षितांकडूनही सहसा उत्तर मिळत नाही. २०२१ साली कोरोनाच्या लसीकरणासाठी जळगाव शहरात आणि आमच्या पिंप्राळ्यात लोक रांगा लावून उभे राहिले, तेव्हा अनेकांच्या मनात तीन प्रश्न घोळत होते. रोगाचेच जंतू निरोगी शरीरात का घालावयाचे? टोचल्यावर ताप का येतो? आणि टोचून घेतल्यावर काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? सव्वाशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न वाल्डेमार हाफकिन यांना विचारले गेले होते. पहिल्या दोहोंची उत्तरे त्यांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करून दिली. तिसऱ्या प्रश्नाने मात्र त्यांच्या आयुष्याची घडी विस्कटून टाकली.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. १८८१ साली रशियात यहुद्यांविरुद्ध दंगली उसळल्या. आपल्या समाजाच्या रक्षणार्थ उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते व त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले. पुढे विद्यापीठात प्राध्यापकपद मिळण्याजोगी त्यांची योग्यता होती. पण त्यासाठी रशियाच्या राजमान्य ऑर्थोडॉक्स पंथाचा स्वीकार करण्याची अट होती. हाफकिन यांनी ती नाकारली. बाप्तिस्मा हा श्रद्धेचा संस्कार आहे. तो नोकरीची पायरी म्हणून पुढे केला गेला की त्या संस्काराचाच अवमान होतो. त्यामुळे या नकाराबद्दल एका धर्मगुरूच्या मनातही हाफकिन यांच्याविषयी आदरच वाटावा.

१८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसला पाश्चर संस्थेत पोहोचले. तेथे मेचनिकोव्ह आधीच आले होते, पण रिकामी जागा होती ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली आणि ग्रंथालयातून सुटल्यावरचा वेळ प्रयोगशाळेत घालवू लागले. त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. ही गोष्ट पुढे इंग्रज डॉक्टरांनी त्यांना कधी विसरू दिली नाही.

रोगजंतू शरीरात शिरला असता शरीर काय करते, हा त्या काळी मोठ्या वादाचा विषय होता. रक्तातील काही पेशी जंतूंना वेढून गिळून टाकतात, हे मेचनिकोव्ह यांनी दाखवून दिले होते. या भक्षक पेशी म्हणजे शरीराचे पहिले पहारेकरी होत. जंतू पाहताच त्या धावून जातात आणि मदतीसाठी रासायनिक संदेश पाठवतात. या संदेशांमुळेच अंगात ताप भरतो, सूज येते, ठणका लागतो. म्हणजे टोचल्यानंतरचा ताप हा बहुधा रोग नसून शरीर जागे झाल्याची खूण असते. त्यानंतर दुसरी फळी कामाला लागते. काही पांढऱ्या पेशी त्या विशिष्ट जंतूला नेमकी चिकटतील अशी प्रतिपिंडे तयार करतात, तर काही पेशी रोगग्रस्त झालेल्या पेशींनाच नष्ट करतात. मात्र या दुसऱ्या फळीला पहिल्या खेपेस सज्ज व्हायला एक-दोन आठवडे लागतात. प्लेगसारखा रोग इतका अवधी देत नाही. त्याआधीच रोगी दगावतो. लढाई संपल्यावर काही पेशी त्या जंतूची ओळख जपून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या तत्काळ उत्तर देतात. लस ही ओळख आगाऊ करून देते, तीही जंतूशी लढण्याचा धोका न पत्करता. यातील बराचसा तपशील हाफकिन यांच्या हयातीत कोणालाच उलगडलेला नव्हता. मेचनिकोव्ह यांची भक्षक पेशींची कल्पना आणि पाश्चर यांची पद्धत एवढ्या शिदोरीवर ते निघाले होते.

प्रथम त्यांनी पटकी, म्हणजे कॉलरा, हाती घेतला. १८ जुलै १८९२ रोजी आपण तयार केलेली पटकीची लस त्यांनी स्वतःला टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याला उतरले. आपल्याकडे खेड्यापाड्यांत पटकीची साथ आली की मरीआईला नवस बोलले जात, गाडा गावाबाहेर नेला जाई. त्या काळात हा परका मनुष्य सुई घेऊन वस्त्यावस्त्यांतून हिंडत होता. कलकत्त्याच्या एका बस्तीत साथ चालू असतानाच त्यांनी शंभरावर लोकांना टोचले. पुढे त्या बस्तीत जे आजारी पडले आणि मेले ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना टोचून, हिवतापाने खंगलेले हाफकिन विश्रांतीसाठी युरोपात गेले आणि १८९६ साली परतले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईला मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी आढळले. हा प्लेग आहे असे निदान प्रथम केले ते डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी. त्यांचा पुतळा आजही धोबी तलावाजवळ उभा आहे, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष त्याकडे क्वचितच जाते. ऑक्टोबरच्या आरंभी हाफकिन मुंबईस दाखल झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली व एक व्हरांडा मिळाला, आणि हाताशी एक कारकून व तीन शिपाई. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांनी पाहिले होते. असे वाढवलेले जंतू तासभर उष्णतेने मारून व कार्बोलिक आम्ल मिसळून त्यांनी लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी, इतरांना पुढे देणार होते त्याहून मोठी मात्रा त्यांनी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला.

१८९८ साली बडोदे संस्थानातील उंधेरा गावी हाफकिन यांनी केलेला प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना टोचावयाचे व निम्म्यांना नाही, अशी ती योजना होती. म्हणजे घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना झाला व २६ दगावले. लस घेतलेल्यांनाही रोग झाला, हे आकडे लपवीत नाहीत. संरक्षण अपुरे होते, परंतु फरक कोणालाही दिसेल असा होता.

लस सक्तीने देण्यास हाफकिन यांचा ठाम विरोध होता. पुण्यात रँडसाहेबांच्या अमलात सैनिक घरात शिरून झडती घेत होते, त्याच्याशी ताडून पाहिल्यास या आग्रहाचे मोल कळते. आगाखान यांनी सर्वांसमक्ष स्वतःला टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. त्याचा परिणाम सरकारी हुकमापेक्षा अधिक झाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती मठाची. इंग्रजांनी ती ताब्यात घेऊन गव्हर्नरांचे निवासस्थान केले आणि आता ती रोग्यांच्या उपयोगी पडली.

तोवर प्लेग रेल्वेच्या वाटेने देशभर निघाला होता. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग खानदेशातूनच जातो. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालीत. हे शहाणपण आंधळे नव्हते, कारण रोग उंदरावरील पिसवांमार्फत माणसास होतो हे पुढे परळच्याच प्रयोगशाळेत पक्के सिद्ध झाले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते; अन्य बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीच झाले नाही. चौकशी समितीने ठपका ठेवला तो परळच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन यांनी लशीच्या कृतीत कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्याचा बदल केला होता, तो दोष धरला गेला. ते पदावरून दूर झाले आणि १९०४ साली इंग्लंडला गेले. वास्तविक मलकोवालला बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष चौकशीतच नोंदलेली होती. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत मुंबईपासून वाढत आले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. हे सारे कागदोपत्री असूनही पाच वर्षे कोणी दखल घेतली नाही. परकीय, यहुदी आणि पदवीने डॉक्टर नसलेला मनुष्य दोषी ठरला, हे अनेकांच्या सोयीचे होते. अखेर १९०७ च्या जुलैमध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात त्यांची बाजू मांडली आणि त्या वर्षाअखेर सरकारने त्यांना निर्दोष मानले.

निर्दोष ठरले, पण परळ परत मिळाले नाही. त्यांना कलकत्त्याला नेमण्यात आले आणि कामाचे स्वातंत्र्यही आखडले गेले. १९०८ साली त्यांचे गुरू मेचनिकोव्ह यांना रोगप्रतिकारशक्तीवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. शिष्य तेव्हा कलकत्त्यात उपेक्षित होता. पहिले महायुद्ध सुरू झाल्याच्या सुमारास हाफकिन निवृत्त होऊन युरोपास गेले.

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला आणि काही महिन्यांत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली. प्लेगचा जंतू हा जिवाणू. तो अर्कात वाढतो, सूक्ष्मदर्शकात दिसतो. इन्फ्लुएंझा हा विषाणूचा रोग. विषाणू जिवंत पेशीत शिरल्याशिवाय वाढत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतही नाही. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली. म्हणून १९१८ मध्ये परळच्या शास्त्रज्ञांनाही मारावयाचा शत्रूच सापडत नव्हता. कोरोनाच्या वेळी शत्रूची ओळख काही आठवड्यांत पटली. कोव्हॅक्सिन ही भारतीय लस मारलेल्या विषाणूंचीच आहे, आणि एप्रिल २०२१ मध्ये ती बनविण्याची परवानगी हाफकिन यांचे नाव लावणाऱ्या परळच्या सरकारी कंपनीलाही मिळाली होती. तुपाच्या थेंबाखाली वाढलेले जंतू मारून टोचण्याचे तत्त्व तेच, फक्त जंतूच्या जागी विषाणू.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. त्या वेळी ते फ्रान्समध्ये राहत होते. त्यांनी विवाह केला नाही. उतारवयात ते आपल्या धर्माच्या आचरणाकडे अधिकाधिक वळले आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी धर्मपाठशाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६४ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.