विश्लेषण : किनाऱ्याच्या पहाऱ्याचा खर्च कोणी द्यायचा? कान्होजी आंग्रे यांनी काय केले?

न्हावा-शेवा बंदराकडे येणाऱ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या दीपस्तंभांपैकी एक थळसमोरच्या खांदेरी बेटावर आहे. १९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. तीनशे वर्षांपूर्वी याच समुद्राच्या पहाऱ्यासाठी पैसा कसा उभा करायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

तेव्हा किनारा कोणाच्या ताब्यात होता?

उरण-करंजा पोर्तुगीजांकडे, मुंबई इंग्रजांकडे, जंजिरा सिद्दीकडे आणि कुलाबा-खांदेरी मराठ्यांकडे. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. मोगलांशी युद्ध पेटलेले असताना कान्होजींनी कोकणचे जलदुर्ग राखले आणि राजाराम महाराजांच्या काळात ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले.

आरमाराचा पैसा कुठून यायचा?

सातारच्या खजिन्यातून रोख रक्कम येत नव्हती. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यांनी कान्होजींशी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवले. त्या बदल्यात किल्ले आणि त्यांच्या मुलखाचा वसूल कान्होजींकडेच राहिला. दुसरे साधन दस्तक. ठरलेली रक्कम भरून हा परवाना घेतला की व्यापारी जहाजाला अभय. परवाना नसेल तर जप्ती. याच पैशातून गुरबा आणि गलबते बांधली गेली, कोळी-भंडारी खलाशांचा पगार निघाला.

इंग्रजांशी वाद कशावरून?

कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना सूट द्यायला कान्होजी तयार होते. मात्र कंपनीचा परवाना दाखवणाऱ्या इतर व्यापाऱ्यांनाही माफी हवी, असा इंग्रजांचा आग्रह होता. तो मानला असता तर दस्तकाचे उत्पन्नच आटले असते. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. गव्हर्नर बून यांच्या काळात १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ले झाले, ते फसले. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची कुलाब्यावरील संयुक्त मोहीमही फसली. बाजीराव पेशव्यांची फौज मदतीला आली आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह केला.

मग हे आरमार का टिकले नाही?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. आरमाराचे उत्पन्न घराण्याच्या हाती होते, त्यामुळे मुलांच्या वाटणीबरोबर आरमारही वाटले गेले. १७३५ मध्ये मानाजी कुलाब्यावर आणि संभाजी विजयदुर्गावर अशी विभागणी झाली. १७५६ मध्ये खुद्द पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळाले.

आज व्यवस्था कशी आहे?

न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. नौदल आणि तटरक्षक दलाचा खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पातून होतो. सागरी पोलीस राज्याचे. त्यांची ठाणी आणि गस्ती नौका यांसाठी २००५-०६ पासून केंद्राच्या योजनेतून मदत सुरू झाली. २६/११ च्या हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली.

म्हणजे पैसा आता एका घराण्याचा नाही, सर्वांचा आहे. पण पहारेकरी अनेक आहेत. कान्होजींच्या हाती किल्ले, वसूल आणि जहाजे एकत्र होती, हे त्यांचे बळ होते. त्यांच्यानंतर ही सूत्रे वेगळी होताच किनारा उघडा पडला. त्यामुळे सागरी सुरक्षेच्या तरतुदीची बातमी वाचताना रकमेबरोबर हेही पाहावे, की गस्तीची नौका बंद पडली तर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची आहे.