विश्लेषण : दोन प्रोग्राम एकमेकांत अडकले की काय होते? ‘डेडलॉक’ची कोंडी ओळखणारे डाइक्स्ट्रा कोण होते?

ॲप अचानक गोठते. पुढेही सरकत नाही आणि बंदही पडत नाही. यामागच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे ‘डेडलॉक’. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच या कोंडीची नेमकी मांडणी केली होती.

डेडलॉक म्हणजे काय?

एका प्रोग्रामने ‘खाते’ ही फाइल लॉक केली, दुसऱ्याने ‘व्यवहार’. आता पहिल्याला ‘व्यवहार’ हवी आणि दुसऱ्याला ‘खाते’. हातातली फाइल कुणी सोडत नाही, हवी ती मिळत नाही. अरुंद पुलावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांसारखी ही स्थिती.

डाइक्स्ट्रा कोण होते?

जन्म ११ मे १९३०, रॉटरडॅम. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. लायडनला भौतिकशास्त्र शिकत असतानाच १९५२ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर झाले. हा पेशा इतका नवा होता की १९५७ मध्ये विवाह नोंदणीत तो व्यवसाय म्हणून मान्यच झाला नाही. सर्वांत जवळचा मार्ग शोधणारी त्यांची प्रसिद्ध पद्धत १९५६ मधली, कॅफेत बसून सुमारे २० मिनिटांत सुचलेली.

उपाय काय शोधला?

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. तिथे छोट्या चमूसह त्यांनी एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवणारी ‘टीएचई’ ही ऑपरेटिंग सिस्टीम उभारली. एका वेळी एकालाच प्रवेश देणारा ‘सेमाफोर’ त्यांनी आणला. हे नाव रेल्वे सिग्नलचे. पण दोन सेमाफोर उलटसुलट क्रमाने घेतले तरी कोंडी होतेच. त्यासाठी त्यांनी ‘बँकर’ पद्धत सुचवली. सावध बँकर कर्ज देण्याआधी पाहतो, की सर्वांची कामे पूर्ण होऊन पैसे परत येतील असा किमान एक क्रम उरतो का? नसेल तर मागणाऱ्याला थांबवतो.

चाचणी का पुरत नाही?

डेडलॉक वेळेच्या योगायोगावर अवलंबून असतो. हजार चाचण्यांत तो दिसणार नाही आणि ऐन गर्दीत एकदाच उद्भवेल. म्हणूनच प्रोग्राम लिहितानाच तो बिनचूक असल्याचे तर्काने सिद्ध करावे, हा डाइक्स्ट्रा यांचा आयुष्यभराचा आग्रह राहिला. अनेकांना तो अव्यवहार्य वाटला.

आज काय वापरले जाते?

कुणाला किती लागेल हे आधी सांगावे लागत असल्याने ‘बँकर’ पद्धत प्रत्यक्षात क्वचितच वापरतात. सोपा नियम म्हणजे सर्वांनी फाइल ठरलेल्या क्रमानेच लॉक करायच्या. अनेक डेटाबेस कोंडी ओळखून एक व्यवहार रद्द करतात, म्हणजे दुसरा पुढे जातो. रद्द झालेला पुन्हा सुरू करता येतो.

पुढे काय झाले?

१९७२ मध्ये डाइक्स्ट्रा यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून ते टेक्सास विद्यापीठात ऑस्टिन येथे शिकवत होते. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले. संगणकावर प्रभुत्व असलेल्या या माणसाने आपली १३०० हून अधिक टिपणे लिहिली, ती बहुतांश फाउंटन पेनने.