डॉ. मुख्तार अहमद अन्सारी : निजामाच्या शिष्यवृत्तीवर घडलेला सर्जन

नांदेड-लातूरच्या आपल्या बऱ्याच घरांत आज एखादा मुलगा किंवा मुलगी एमबीबीएसला आहे. नीटचा निकाल लागला की मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. खरी घालमेल मात्र पाच-साडेपाच वर्षांनी, पीजीच्या वेळी सुरू होते. मामूंना वाटतं रेडिओलॉजी घ्यावी, चाचांना त्वचारोग बरा वाटतो. मुलीला रात्रीची ड्युटी नको, ही अम्मीची काळजी. अब्बा मात्र मनातल्या मनात कर्जाचा हिशेब करत असतात. अशा घरांनी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचं आयुष्य जरूर वाचावं. काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव इतिहासात येतं, पण मुळात ते सर्जन होते.

25 डिसेंबर 1880 रोजी गाझीपूर जिल्ह्यातल्या युसुफपूरला त्यांचा जन्म झाला. घरात हिकमत होती. थोरले भाऊ हकीम अब्दुल वहाब अन्सारी यांना दृष्टी नव्हती, तरी नाडी पाहण्यात त्यांचा मोठा लौकिक होता. लोक त्यांना हकीम नाबीना म्हणत. रुग्णसेवेचा वारसा असा घरचाच होता, पण मुख्तार साहेबांनी युनानीऐवजी आधुनिक वैद्यक निवडलं.

त्यांचं काही शिक्षण हैदराबादला झालं आणि पुढे निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते विलायतेला गेले. तेव्हा आपला मराठवाडाही हैदराबाद संस्थानातच होता. म्हणजे ज्या खजिन्यातून ही शिष्यवृत्ती निघाली, त्यात इथल्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्याचाही वाटा होता.

ब्रिटनमध्ये त्यांनी एमडी आणि एमएस या पदव्या मिळवल्या. नंतर लंडनच्या लॉक हॉस्पिटलमध्ये आणि चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये काम केलं. लॉक हॉस्पिटल गुप्तरोगांचं होतं. त्या काळी या आजारांचं नावही लोक उघडपणे घेत नसत. आज पीजीच्या यादीत त्वचा आणि गुप्तरोगाची जागा सगळ्यात आधी भरणाऱ्यांत असते. ब्रँचची इज्जत काळाप्रमाणे बदलते, हे एवढ्यावरूनही कळतं.

1910 मध्ये ते मायदेशी परतले आणि दिल्लीत प्रॅक्टिस सुरू केली. जम बसत होता, तोच 1912 मध्ये बाल्कन युद्ध पेटलं. तुर्कस्तानात जखमी सैनिकांचे हाल होत होते. मौलाना मोहम्मद अली जौहर यांच्या कॉम्रेड पत्रातून मदतीची हाक गेली आणि हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी चंदा जमवला. डॉ. अन्सारी नवी प्रॅक्टिस मागे ठेवून निघाले. डिसेंबर 1912 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय पथक मुंबईहून रवाना झालं आणि 1913 च्या मध्यापर्यंत जखमींची सेवा करून परतलं. लंडनमध्ये कमावलेला हात आता कौमच्या कामी आला होता.

परतल्यावर त्यांनी दवाखाना सोडला नाही. राजकारण आणि वैद्यकी सोबतच चालली. 1920 मध्ये नागपूरच्या मुस्लिम लीग अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, तर 1927 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे. 1924 मध्ये गांधीजींनी दिल्लीत 21 दिवसांचा उपवास केला, तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर डॉ. अन्सारींचं लक्ष होतं. दरियागंजमधलं त्यांचं दार-उस-सलाम हे घर पाहुण्यांनी भरलेलं असे. हकीम अजमल खान यांच्यासोबत त्यांनी जामिया मिल्लिया इस्लामियाला आधार दिला. हकीम साहेबांच्या इंतकालानंतर, 1928 पासून अखेरपर्यंत ते जामियाचे कुलपती राहिले. जामियाची तेव्हा पैशाची मोठी ओढाताण होती.

शेवटचा प्रवासही रुग्णासाठीच झाला. रामपूरच्या नवाबांना पाहायला ते मसुरीला गेले होते. तिथून परतताना 10 मे 1936 रोजी रेल्वेतच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय अवघं 55. जामियाच्या आवारात त्यांना दफन करण्यात आलं.

डॉ. अन्सारींनी पैसा कमावला, मोठ्या घरात राहिले, नवाबांवर उपचार केले. कमाई करणं काही गुन्हा नाही. पण निवड करण्याआधी त्यांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या : शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आणि वेगवेगळ्या रुग्णालयांत काम करून पाहण्याची संधी. आपल्या मुलांना नेमक्या याच दोन गोष्टी कमी पडतात. खासगी कॉलेजची फी कर्ज काढून भरली, की मुलगा आवडीची ब्रँच बघत नाही, लवकर कर्ज फेडणारी बघतो. त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून समाजातल्या संस्थांनी आणि ऐपतदार मंडळींनी नीटच्या क्लासपुरतीच मदत न करता एमबीबीएसनंतरच्या शिक्षणालाही हात द्यावा. आणि घरच्यांनी थोडा सबर ठेवावा. एमबीबीएसनंतरची सरकारी सेवा म्हणजे वाया गेलेलं वर्ष नव्हे. किनवट, माहूर, जळकोट, देवणीकडच्या आरोग्य केंद्रात बाळंतपणं, सर्पदंश, लहान मुलांचे ताप हाताळताना आपला हात कुठे बसतो, हे त्या तरुण डॉक्टरला स्वतःलाच कळतं. मामू-चाचांचा मशवरा जरूर घ्यावा, पण शेवटचा शब्द त्या मुलाचा किंवा मुलीचा असू द्यावा. पुढची तीस-चाळीस वर्षं रुग्णासमोर त्यांनाच बसायचं आहे.