डॉ. जॉन लील : पाण्यात क्लोरीन टाकणारे डॉक्टर



पावसाळा सुरू झाला की शाळेतल्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. मुलं नाक मुरडतात, घरून पाण्याची बाटली आणतात. पालकही विचारतात की हे पाणी मुलांना चालेल ना. मुलांना या वासामागची गोष्ट सांगितली तर ती तक्रार करायची थांबतात, हा अनुभव आहे. ती गोष्ट आज तुमच्यासाठी देत आहे. पाणीपुरवठ्याच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या डॉ. जॉन लील यांची ही गोष्ट.

जन्म आणि शिक्षण

जॉन लील यांचा जन्म 1858 साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अँडिस या छोट्या गावी झाला. वडील डॉक्टर होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते सैन्याबरोबर गेले आणि तिथे त्यांना दूषित पाण्यातून हगवणीचा आजार जडला. युद्ध संपले, पण आजार सुटला नाही. अनेक वर्षे त्रास सोसून 1882 साली ते वारले. म्हणजे बघा, खराब पाणी माणसाचे काय करते हे जॉन यांनी पुस्तकात वाचण्याआधी घरातच पाहिले होते.

प्रिन्स्टन येथे शिक्षण घेऊन पुढे 1884 साली ते कोलंबियामधून डॉक्टर झाले. न्यूजर्सी राज्यातील पॅटरसन शहरात त्यांनी दवाखाना काढला आणि नंतर ते त्याच शहराचे आरोग्य अधिकारी झाले. साथीच्या रोग्यांची घरे निर्जंतुक करायला ते क्लोराइड ऑफ लाइम वापरत. हे काय, तर आपली ब्लीचिंग पावडर! गावात आपण जिला टीसीएल म्हणतो तीच.

धरण, खटला आणि अवघड प्रश्न

पुढे डॉ. लील जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीचे आरोग्य सल्लागार झाले. कंपनीने बूनटन येथे धरण बांधून 1904 पासून शहराला पाणी द्यायला सुरुवात केली. पण करार शुद्ध पाण्याचा होता आणि शहराचे म्हणणे पडले की हे पाणी शुद्ध नाही. प्रकरण कोर्टात गेले.

1908 साली न्यायाधीशांनी सांगितले की पाणी एरवी ठीक असते, पण मोठ्या पावसानंतर वर्षातून काही वेळा त्यात घाण येते. तेव्हा कंपनीने धरणाच्या वरच्या गावांत गटार योजना करावी, नाहीतर दुसरा काही उपाय करून दाखवावा. गटारांचा खर्च प्रचंड होता. शिवाय शेतातली, रस्त्यावरची घाण पावसात वाहून येणार ती येणारच.

डॉ. लील यांनी "दुसरा उपाय" हेच शब्द धरले. इंग्लंडमध्ये मेडस्टन आणि लिंकन या शहरांत साथीच्या वेळी पाण्यात क्लोरीन टाकले गेले होते. पण ते संकटापुरते. रोज, कायमचे आणि एवढ्या मोठ्या शहराच्या पाण्यात? अमेरिकेत हे कोणी केले नव्हते. पाण्यात रसायन घालणे म्हणजे विष कालवणे, असे तेव्हा भल्याभल्यांना वाटे.

डॉ. लील यांनी अभियंता जॉर्ज फुलर यांना सोबत घेतले. शंभर दिवसांच्या आत यंत्रणा उभी राहिली आणि 26 सप्टेंबर 1908 रोजी बूनटनच्या पाण्यात क्लोरीन पडू लागले. शहराची परवानगी मात्र त्यांनी आधी घेतली नव्हती. हे बरोबर की चूक? वरच्या वर्गात यावर जरूर चर्चा घ्या. मुलं फार छान बोलतात.

पुन्हा खटला उभा राहिला. कोर्टात डॉ. लील यांनी ठामपणे सांगितले की हे पाणी ते स्वतः पितील आणि घरच्यांनाही देतील. 1910 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. मग ही पद्धत झपाट्याने पसरली.

गणिताच्या तासासाठी

बूनटनहून रोज सुमारे 15 कोटी लिटर पाणी जाई. क्लोरीनची मात्रा लिटरला 0.2 ते 0.35 मिलिग्रॅम होती. 0.2 धरा. रोज 30 किलो क्लोरीन लागेल. पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असते, म्हणजे पावडर 90 किलो. शहराची वस्ती दोन लाखांवर. माणशी दिवसाला अर्धा ग्रॅमसुद्धा पावडर नाही! मात्रा 0.35 धरली तरी एक ग्रॅमच्या आतच. हे उदाहरण मुलांकडूनच सोडवून घ्या. गटार योजनेच्या तुलनेत हा खर्च काहीच नव्हता, हे त्यांना आपोआप कळेल.

आजचा हिशेब

डॉ. लील 1914 साली वारले. त्यांना हयातीत मोठा मान मिळाला नाही. पॅटरसनला त्यांच्या कबरीवर स्मारक झाले ते 2013 साली. पण त्यांचा स्वस्त उपाय आजही जगात चर्चेत आहे. 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतले पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होऊ शकतात, असे त्यातून निघाले. आफ्रिकेतील केनियात पाणवठ्याशेजारीच क्लोरीनची टाकी बसवली गेली. तोटी फिरवली की हंड्यापुरती मात्रा पडते. असा खर्च माणशी वर्षाला दोन डॉलरच्याही आत येतो. एका बाळाचा जीव वाचवण्याचे इतके स्वस्त मार्ग फार थोडे आहेत.

मग अडतं कुठे? पैशावर क्वचितच अडतं. अडतं ते रोज न चुकता करण्यावर. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो. पावडर टाकणारा माणूस चार दिवस रजेवर गेला की गाव चार दिवस तसंच पाणी पितं. बूनटनला जमलं, कारण तिथे रोज मोजून टाकलं जात होतं.

म्हणून एवढंच करा. गावच्या टाकीत पावडर कोण आणि कधी टाकतं, हे मुलांना बरोबर नेऊन दाखवा. आरोग्य सेवकांना विनंती करून शाळेच्या नळावर ओटी टेस्ट करून घ्या. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा.

आणि पालकांनो, नळाच्या पाण्याला हलका वास आला तर नाराज होऊ नका. आपल्या लेकरांसाठी कोणीतरी आज आपलं काम केलंय, असं समजा.