दौतीच्या बुडाशी दोन अक्षरे

जुन्या फ्रेंच दौती जमवणाऱ्यांच्या तोंडी एक नाव हमखास येते : झाकोब पेती. आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

१७९६ साली पॅरिसमध्ये ते जन्मले. मूळ आडनाव मार्दोशे. पेती हे पत्नीच्या माहेरचे. पेती म्हणजे लहान, हे आपल्या बेटावर कोणाला सांगायला नको!

ते मुळात चित्रकार. १८३० नंतर चिनी मातीकडे वळून त्यांनी फोंतेनब्लो येथे कारखाना चालवला. टेबलावर नटलेली बाहुली बसलेली दिसावी आणि तिचा वरचा भाग उचलताच आत शाईचे भांडे निघावे, अशा गमतीच्या वस्तू तिथे घडल्या. पुढच्या काही टीकाकारांना त्या भडक वाटल्या. संग्राहकांनी मात्र जपल्या.

बुडाशी निळ्या रंगात जे आणि पी ही अक्षरे असत. १८६२ मध्ये त्यांनी फोंतेनब्लोचा कारखाना विकला. १८६८ मध्ये ते वारले. ती अक्षरे मात्र इतरांनीही आपल्या मालावर उमटवली. म्हणून घेणाऱ्याने नुसत्या खुणेवर विसंबू नये. रंगकाम बारकाईने पाहावे, दोन्ही भाग एकमेकांवर नीट बसतात का हेही तपासावे.

पत्नीकडून घेतलेले नाव लोकांना चोरावेसे वाटले, यातच त्या कारागिराचे मोठेपण आहे, असे आम्हांला वाटते.