कै. डॉ. कमल रणदिवे

भगिनींनो, माझ्या सासूबाईंनी छातीतली गाठ लाजेने लपविली आणि त्या गेल्या. म्हणून कमलताईंचे चरित्र सांगते.

१९१७ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी काचपात्रात पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली, स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला.

काचपात्रात साधी पेशी काही काळाने वाढायची थांबते, कर्कपेशी थांबत नाही. का? दशांच्या गाठी सुटल्या की पदर दर धुण्याला विरतो. तशी पेशी दुभागताना गुणसूत्रांची टोके झिजतात. बहुतेक कर्कपेशी मात्र टोके पुन्हा विणीत राहतात. ती विणणारे द्रव्य १९८४ साली अमेरिकेत ग्रायडर व ब्लॅकबर्न या दोघींनी शोधले.

कमलताई २००१ साली निवर्तल्या. आपल्या कुडाळात कोणाही बाईने गाठ लपवू नये, एवढेच मागणे.